ओलं चामडं

दुसरा दिवस.
सुभाषनगरात आमच्या गल्लीला सकाळपासून ठोकणीचा आवाज,
तोच माझ्या ओटीपोटात.
मांडी घालून बसलेय, मांडीवर तळ, हातात आरी.
महाद्वार रोडच्या दुकानदाराला चोवीस जोड
संध्याकाळपर्यंत पाहिजेत.
त्याला कसं सांगू, आज वेणी नीट पडत नाही,
कंबरेतनं कुणीतरी वादी ओवलीय
आणि दोन्ही टोकं धरून ओढतंय.

आई म्हणायची, सोसायचं, बाईच्या जातीला असतंच.
ओव्याचं पाणी द्यायची, अंगावर घोंगडं,
आणि कोपऱ्यात ठेवायची मला
घडी करून.
घडी केलेलं चामडं वाळलं की काय होतं
हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.
तरी पण.

साडेअकराला समीक्षा आली मैदानावरनं.
गुडघ्याला माती, पिशवीत फुटबॉलचे बूट.
तिची तारीखही हीच.
मायलेकींचं कॅलेंडर एकच, गॅसवाल्यानं दिलेलं,
त्यावर तिनं पेनानं घातलेले बारीक ठिपके.
"आज पण गेलीस गं खेळायला?"
"मग? समोरची टीम काय माझी तारीख विचारून मॅच ठेवणाराय?"

कातड्याचे तुकडे पायानं सारले तिनं, सतरंजी टाकली.
"ये. टाचांवर बस. गुडघे जरा लांब.
आता पुढं वाक. अजून.
कपाळ खाली."

अडतीस वर्षांत कपाळ टेकलं ते देवापुढं,
सासूच्या पायांवर,
एकदा बँकेच्या काउंटरवर, चक्कर येऊन.
आज पुढ्यात कुणीच नाही.
नुसती गार फरशी, आणि कमावलेल्या कातड्याचा वास
जो एरवी मला येतच नाही.

"श्वास धरू नको गं आई. सोड.
पोट सैल सोड."
पोट सैल सोडायचं असतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
पदराखाली आत ओढून धरायचं, तेवढंच माहीत.

मग हातागुडघ्यांवर.
पाठ वर, चिडलेल्या मांजरीगत.
पाठ खाली, ओझं टाकलेल्या दोरीगत.
गुडघा कडकन वाजला. ती हसली, मी पण,
हसताना दुखलं, पण ते निराळं.

तेवढ्यात हे आले रापी न्यायला.
दारातच थबकले.
"काय हरवलंय काय?"
"व्हय," म्हटलं. "बघतेय गावतंय का."
रापी न घेताच गेले.

पोरगी माझा गुडघा छातीकडं ढकलत होती, हळू,
आधी उजवा, मग डावा,
तेव्हा ध्यानात आलं, अगं, हे काम तर मला येतंय.
कोरडं ओढलं की तडकतं.
आधी पाणी.
मग जरा तसंच ठेवायचं, घाई नाही.
मग बोटांनी चेपत, कडेकडेनं,
जेवढं येईल तेवढंच घ्यायचं,
उरलेलं उद्या.
वीस वर्षं हे मी केलं
दुसऱ्यांच्या पायांसाठी.

दुखणं गेलं असं नाही. खोटं कशाला बोलू?
मघाशी मुठीएवढं होतं, घट्ट.
आता भाकरीसारखं थापलं गेलंय,
पसरलंय, पातळ झालंय.
बसता येईल.
वेणी पडेल नीट.

सोळा जोड झालेत, आठ राहिलेत.
फोन वाजतोय दुकानदाराचा.
"दोन मिनिटं," म्हणाली समीक्षा, "फक्त दोन,"
आणि माझ्या शेजारी उताणी पडली,
भिंतीला पाय लावून, मीही तशीच.
तिचे तळवे मातीनं लाल, माझे भेगांनी काळे.

आठ राहिलेत,
आणि भिंतीवर हे दोन जोड,
बिनशिवणीचे.